गेल्या महिन्यात काय वाचलंत?

(दृश्य : वाचनालयाचा वाचनकक्ष. वर्तमानपत्रं आवरून मोठं टेबल मोकळं केलं जातंय. येणारा प्रत्येक जण त्यावर एकेक पुस्तक ठेवतोय.)

शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. पेपर चाळणारी मंडळी उठली की हे टेबल वाचनकट्ट्याच्या ताब्यात येतं. पुस्तकाभोवती माणसं जमवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848चं. कट्ट्याचं काम त्याहून साधं : महिन्यातून एकदा जमायचं आणि नुकतंच काय वाचलं ते एकमेकांना सांगायचं. तरीही अनेक कट्टे वर्ष पुरं व्हायच्या आत विरतात. पुस्तकं चांगली असतात, माणसंही हौशी असतात. घोळ होतो तो सांगण्याच्या रीतीत.

म्हणून पहिला नियम. आवडतं पुस्तक आणायचं नाही, शेवटचं वाचलेलं आणायचं. 'आवडतं' म्हटलं की अर्धे लोक त्याच चार-पाच कादंबऱ्या घेऊन येतात, ज्या उरलेल्यांनी कॉलेजात असतानाच वाचलेल्या असतात. गप्पा रंगतात, पण घरी जाताना हाती नवं काही लागत नाही. 'शेवटचं' म्हटलं की टेबलावर मधमाश्यापालनाचं पुस्तक येतं, एखाद्या अनुवादित कादंबरीशेजारी किल्ल्यांवरचं पुस्तक येतं, नातवासाठी आणलेलं आणि आजोबांनीच आधी संपवलेलं विज्ञानाचं पुस्तक येतं. अर्धवट सोडलेलंही चालतं. खरं तर ते हवंच. कितव्या पानावर सोडलं आणि का सोडलं, यातून ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं कौतुकाच्या दहा वाक्यांतून कळत नाही. 'मधली साठ पानं नुसती घराण्याची वंशावळ आहे' हे ऐकून एक जण ते पुस्तक टाळेल. वंशावळीत रमणारा दुसरा ते तिथल्या तिथे उचलेल.

माणसं किती असावीत? बारा. प्रत्येकी पाच मिनिटं धरली की तास होतो, अर्धा तास प्रश्नोत्तरांना, पाव तास देवघेवीला. पावणेदोन तासांत आटोपतं. वीस जण झाले की शेवटचे सहा-सात लोक घड्याळाकडे बघत बोलतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. अशा वेळी दोन कट्टे करावेत. वेळ सांभाळायला एकाला नेमायचं, आणि तो माणूस त्या दिवशी पुस्तक सांगत नाही. नाहीतर स्वतःची पाच मिनिटं तो हमखास पंधरा करतो.

(दृश्य : पोस्टकार्डाएवढं जाड कागदाचं कार्ड. पेनने भरलं जातंय.)

बोलण्याआधी हे कार्ड भरायचं. वरच्या अर्ध्या भागात पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत. अनुवादकाचं नाव गाळण्याची खोड फार. एस. एल. भैरप्पांची कन्नड कादंबरी मराठी वाचकाच्या घरात पोचली ती मुख्यतः उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांतून. ते नाव कार्डावर असेल, तर एक पुस्तक आवडलेल्याला त्याच हातचं दुसरं शोधता येतं.

खालच्या अर्ध्या भागात तीन ओळी. पुस्तकात काय आहे. कुणाला रुचेल. कुणाला रुचणार नाही. तिसरी ओळ लिहायला लोक कचरतात; लेखकाचा अपमान होईल असं वाटतं. पण सगळं कार्ड त्या ओळीवर उभं आहे. 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारं', 'प्रत्येकाने वाचलंच पाहिजे' हे शब्द कोणत्याही पुस्तकाला लावता येतात, म्हणून त्यांतून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही कळत नाही. 'बोलीभाषा गच्च आहे, पहिली तीस पानं मोठ्याने वाचलीत तर कानाला सवय होते' हे मात्र उपयोगी पडतं.

केव्हा आणि कसं वाचावं, हेही शिफारशीतच येतं. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 सालचं. मराठी महिन्यांवर एकेक लेख, सुरुवात चैत्रापासून. सलग एका बैठकीत वाचलं तर पाना-फुलांची नावं डोक्यात कालवून जातात. चैत्रात चैत्राचा लेख, आषाढात आषाढाचा, असं वर्षभर पुरवून वाचलं की पुस्तकातलं झाड खिडकीबाहेरही सापडतं. नुसतं 'छान आहे, वाचा' म्हणून हे हाती दिलं, तर चौथ्या लेखानंतर ते कपाटात जाण्याची शक्यता दाट.

पाच मिनिटांतली दोन मिनिटं प्रत्यक्ष वाचनाला द्यावीत. साध्या छपाईच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द मावतात, म्हणजे निवांत वाचलं तरी एक पान पुरे. पान निवडताना सगळे चुकतात ते एकाच ठिकाणी : पुस्तकातलं सर्वांत चमकदार पान निवडतात. ऐकणारा त्या पानावर भाळून पुस्तक घरी नेतो, आणि उरलेली पानं वेगळ्याच चालीने चालतात. पहिल्या पाव भागातलं, पुस्तकाची नेहमीची लय दाखवणारं पान घ्यावं. रहस्यकथा असेल तर त्या पाव भागापलीकडचं एक अक्षरही बोलू नये.

(दृश्य : पुस्तक उघडलं जातं. शीर्षकपानाच्या मागच्या पानावर बोट.)

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. कट्ट्याच्या व्हॉट्सअॅप गटावर लोक मुखपृष्ठाचा फोटो टाकतात. तो देखणा असतो, पण पुस्तक शोधायला तेवढा पुरत नाही. फोटो काढायचा तो शीर्षकपानाच्या मागच्या पानाचा. तिथे प्रकाशक असतो, आवृत्ती असते, तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक असतो. भारतात छापलेल्या पुस्तकावर तो बहुधा 978-81 किंवा 978-93 असा सुरू होतो. तिथेच 'पुनर्मुद्रण' लिहिलंय की 'सुधारित आवृत्ती', हेही पाहावं. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, सुधारित आवृत्तीत प्रकरणं वाढलेली किंवा गळलेली असू शकतात.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत हे पान न पाहणं महागात पडतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून 'श्यामची आई' कुणालाही छापता येतं. त्यामुळे बाजारात किती तरी प्रती दिसतात. काही नेटक्या, काही अशुद्ध, काही मुलांसाठी कापलेल्या. मुलाला देण्याआधी अनुक्रमणिका मोजावी : मूळ पुस्तकात 42 रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'ही संक्षिप्त रूपात मिळतं. एकाच चर्चेला तिघं तीन आवृत्त्या घेऊन बसले तर पानांचे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी प्रकरणाचं नाव सांगावं, पान नव्हे.

आणि पुस्तक मिळालंच नाही तर? मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची असणं जुनं रूढ. आता पाचशेची असते, त्याहून लहानही. संपली की वर्षानुवर्षं पुन्हा निघत नाही. म्हणून कट्ट्याचा एक कडक नियम उपयोगी पडतो : प्रत टेबलावर नसेल तर पुस्तक सांगायचं नाही. स्वतःची असो, वाचनालयाची असो. जे हाताळता येत नाही त्याची ओढ लावून काय साधणार? नाशिकहून 2009 साली निघालेल्या, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने हीच अडचण सोडवली. पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते, वाचून झाली की पुढच्या गटाकडे सरकते. परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही अशा पेट्या गेल्या आहेत.

(दृश्य : लांब वही. रकाने आखलेले.)

देवघेवीच्या वहीत पाच रकाने : पुस्तक, मालक, नेणारा, नेल्याची तारीख, परतीची तारीख. एका वेळी एकच पुस्तक, मुदत पुढच्या कट्ट्यापर्यंत. पुस्तकं हरवतात ती विसराळूपणाने कमी, साखळीने जास्त. वाचून झालं की नेणारा ते परस्पर बहिणीला देतो, ती शेजारणीला देते, आणि मग मालकाला विचारायलाही संकोच वाटतो. त्यामुळे पुस्तक आधी टेबलावर परत येणार, वहीत नोंद होणार, मगच पुढे जाणार. पावसाळ्यात भिजून आलं तर उन्हात ठेवू नये, पुठ्ठा वाकतो. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली उभं करावं.

दिवाळीनंतर ही व्यवस्था थोडी बदलते. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा घातली, आणि आता इतके अंक निघतात की एका घराला ते परवडतही नाहीत आणि वाचूनही होत नाहीत. बारा जणांनी बारा वेगळे अंक घ्यायचे आणि दर शनिवारी आपला अंक यादीतल्या पुढच्या माणसाकडे द्यायचा. बारा आठवड्यांत, म्हणजे फेब्रुवारी सरेपर्यंत, सगळ्यांचे सगळे वाचून होतात. अंकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक कोरा कागद डकवायचा. ज्याला जो लेख आवडला त्याने तिथे पान क्रमांक लिहून सही करायची. तीनशे पानांच्या अंकात पुढचा माणूस आधी तेच पान उघडतो. साखळी तुटते ती कुणी गावाला गेलं की. त्याच्यासाठी अंक थांबवून ठेवायचे नाहीत. त्याच्या मागच्या माणसाने ते पुढच्याकडे नेऊन द्यायचे, आणि गावाहून परतलेल्याने राहिलेले अंक फेरी संपल्यावर मागून घ्यायचे.