पोळ्याच्या दिवशी झालेलं मूल

ओसरीवर बसून मुलाखतकार विचारते, "धाकटा केवढा आहे, ताई?"
"असंल पाच-सहाचा."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं खरेपण या 'पाच-सहा'मध्ये अडकलेलं आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून हे सर्वेक्षण करते. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशभरात ७ लाख २४ हजारांहून अधिक बायकांच्या मुलाखती झाल्या. कुपोषण किती, रक्तक्षय किती, बाळंतपणं दवाखान्यात होतात की घरी, हे आकडे अशाच ओसऱ्यांवरून गोळा होतात.

मूल पाच वर्षांच्या आतलं असलं, की प्रश्नांची रांग लागते. गरोदरपणातली तपासणी, बाळंतपण, जुलाब, ताप. पुढे वजन आणि उंची. 'सहा' लिहिलं, की यातलं बरंचसं टळतं. दिवसाचं चौथं घर असतं, ऊन डोक्यावर आलेलं असतं, आणि हात नकळत सहाकडे वळतो. तसंच एकोणपन्नासची बाई पन्नासची झाली, की तिची मुलाखतच उरत नाही, कारण ती फक्त १५ ते ४९ वयाच्या बायकांची घ्यायची असते.

एका घरात हे दिसत नाही. पण एकाच मुलाखतकाराच्या शंभर घरांत पाचाच्या आतली मुलं कमी आणि त्यापुढची जास्त दिसू लागली, की शंका घ्यावी. चौथ्या फेरीपासून नोंदी कागदाऐवजी थेट संगणकात होतात. त्यामुळे काम चालू असतानाच प्रत्येकाचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहता येतात.

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस नमुन्याचे दोन भाग करत आणि दोन वेगळ्या गटांना स्वतंत्रपणे पाठवत. दोघांच्या आकड्यांत फार अंतर पडलं, की माणसांच्या कामात चूक असल्याची शंका घेता यायची.

काही चुका मात्र कुठल्याच तक्त्यात सापडत नाहीत. विचारायचं असतं, "मूल होऊ नये म्हणून सध्या काही उपाय करता का?" घाईत तोंडून निघतं, "काही करत नाही ना?" त्या 'ना'मध्येच उत्तर आलं. त्यात सासू शेजारी बसलेली. समोरची मान हलवते, आणि 'नाही' अगदी नियमात बसून नोंदलं जातं.

हा 'ना' ऐकायला पर्यवेक्षिकेलाच ओसरीवर बसावं लागतं, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. सवय मुरल्यावर ओरडून काय उपयोग? चारचौघांत तर मुळीच ओरडू नये. मुलाखतकार मुली दिवसभर पायपीट करतात, अनोळखी दारात उभ्या राहतात. त्यांना बाजूला घेऊन, प्रश्न पुन्हा वाचून दाखवावा.

आज पर्यवेक्षिका त्याच घरी परत आली आहे. मुलाखतकार सोबत आहे, टॅब तिच्याच हातात.

"ताई, धाकटा झाला तेव्हा कुठला सण होता?"
"पोळा. बैल सजवायचे राहिले होते बगा."
"कुठल्या साली?"

बाई आत जाते. पत्र्याच्या पेटीतून, साड्यांच्या खालून, लसीकरणाचं कार्ड निघतं. चारही कोपरे दुमडलेले, पण तारीख स्वच्छ वाचता येते. पाच पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत.

मुलाखतकार 'सहा' खोडते. वजनकाटा ओसरीवर येतो. पोरगं चपला काढून त्यावर उभं राहतं.