पन्नास प्रतींचं घुबड

(पडद्यावर: पिवळट कागद, हातानं लिहिलेल्या फारसी ओळी)

मुंबई, १९३६. तेहरानहून आलेला तिशीतला एक लेखक, सादिक हिदायत, इथं बहरामगोर अंकलेसरिया या पारशी पंडितांकडे पहलवी ही प्राचीन इराणी भाषा शिकतो आहे. त्याच मुक्कामात तो एक छोटी कादंबरी स्वतःच्या हातानं लिहून सायक्लोस्टाइल करतो. प्रती जेमतेम पन्नास. नाव 'बूफ-ए-कूर', म्हणजे आंधळं घुबड. आणि सोबत सूचना: इराणमध्ये विक्री व प्रकाशनास मनाई. इराणचा बादशहा रझा शाह याचे सेन्सॉर हे पुस्तक हातात घेण्याआधी लेखकानंच त्यावर बंदी घालून टाकली होती.

१९४१ मध्ये रझा शाह पायउतार झाला, तेव्हा 'इरान' या दैनिकातून कादंबरी क्रमशः छापून आली. १९५३ मध्ये फ्रेंच अनुवाद निघाला आणि आंद्रे ब्रेताँसारख्या सरिअ‍ॅलिस्ट, म्हणजे अतिवास्तववादी, कवीनं तिला डोक्यावर घेतलं. १९५७ मध्ये कॉस्टेलो यांचा इंग्रजी अनुवाद आला. तेव्हापासून आजपर्यंत या पुस्तकाचे वाचक एकमेकांना पटवू शकलेले नाहीत. एकाला ती फारसी गद्याचा कळस वाटते. दुसरा तिसाव्या पानावर थांबतो आणि पुन्हा हातात घेत नाही.

हे का होतं, ते कादंबरीच्या बांधणीत दिसतं.

(पडद्यावर: कलमदानावरचं चित्र)

पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचं, भाग दोन. पहिल्या भागातला निवेदक कलमदानांवर चित्रं काढतो, आणि चित्र नेहमी एकच: सरूच्या झाडाखाली बसलेला कुबडा म्हातारा, समोर काळ्या कपड्यांतली मुलगी, मध्ये ओढा, मुलीच्या हातात फूल. एके दिवशी भिंतीतल्या झरोक्यातून त्याला हेच दृश्य प्रत्यक्ष दिसतं. पुढे ती मुलगी त्याच्या दारी येते, त्याच्या बिछान्यावर मरते, तो तिच्या देहाचे तुकडे करून पेटीत भरतो आणि एका म्हाताऱ्या गाडीवाल्याच्या मदतीनं पुरतो. खड्डा खणताना निघालेली जुनी सुरई म्हातारा त्याला देतो. सुरईवर त्याच मुलीचं चित्र असतं.

दुसऱ्या भागात काळच बदलतो. तेहरानजवळचं जुनं रय शहर, अंथरुणाला खिळलेला माणूस, दाई, समोरचा खाटीक, रस्त्यावर मोडकंतोडकं सामान मांडून बसलेला म्हातारा, आणि जिला तो शिवीशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारत नाही ती बायको.

बहुतेक वाचक अडखळतात ते या दोन भागांच्या सांध्यावर. रहस्यकथेची सवय असलेला वाचक इथं विचारतो, खरं काय आणि स्वप्न काय? मग तो पुरावे गोळा करू लागतो. पुरावे भरपूर सापडतात, पण जुळत नाहीत, कारण हिदायत घटना पुढे नेतच नाही. तो वस्तू परत आणतो. दोन किरान एक अब्बासी, ही जुन्या इराणी नाण्यांतली रक्कम. दोन महिने चार दिवस. डाव्या हाताच्या तर्जनीचं नख कुरतडणं. अंगावर काटा आणणारं कोरडं हसू. दोन सोनेरी माश्या. रात्री गाणं म्हणत जाणारे दारुडे शिपाई. प्रत्येक खूण दुसऱ्यांदा येते तेव्हा वेगळ्या माणसाला चिकटलेली असते. ज्याला हे पाल्हाळ वाटतं, तो कंटाळतो. ज्याला ही लय ऐकू येते, तो पुस्तकात अडकतो. दोघंही तेच पान वाचत असतात.

ते पान मात्र सगळ्यांपर्यंत सारखं पोचलेलं नाही. हिदायतच्या मुंबईतल्या प्रतीत वाक्यं लांब आडव्या रेघांनी जोडलेली आहेत. माणूस धाप लागल्यासारखा बोलत राहतो. कॉस्टेलो यांनी ती तोडून नेटकी केली. २०११ मध्ये नवीद नूरी यांनी मुंबईच्या प्रतीवरून नवा अनुवाद केला आणि त्या रेघा परत आणल्या. म्हणून इंग्रजीतून वाचलेल्या माणसाचं मत ऐकताना आधी विचारावं, अनुवाद कोणता? मुलीच्या हातातलं फूलही अनुवादागणिक बदलतं. मूळ शब्द 'नीलूफर', आपल्या 'नीलोत्पल'शी नातं सांगणारा. कमळ म्हटलं की एक चित्र उभं राहतं. कॉस्टेलोंप्रमाणे वेलीवरचं फूल म्हटलं की वेगळंच.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. या पुस्तकातली स्त्री एक तर देवता असते, नाही तर वेश्या. आणि दोन्ही रूपांत ती मरते. तिला स्वतःचं म्हणणं जवळजवळ नाहीच. बाजू घेणारे म्हणतात, हे निवेदकाचं आजारी मन आहे, लेखकाचं मत नव्हे. ते बरोबर आहे, पण त्यानं आक्षेप मिटत नाही, कारण या मनाबाहेर पाहायला हिदायतनं एकही खिडकी ठेवलेली नाही. इथं अस्वस्थ होऊन पुस्तक मिटणाऱ्या वाचकाला 'तुला कळलं नाही' असं कुणी म्हणू नये.

भारतीय वाचकाची आणखी एक तक्रार रास्त आहे. निवेदकाची आई बुगाम दासी ही लिंगमंदिरातली नर्तकी, बाप आणि काका बनारसला आलेले हुबेहूब जुळे भाऊ, आणि दोघांतला तिचा कोण हे ठरवायला अंधाऱ्या खोलीत सोडलेला नाग. पुस्तक मुंबईत निघालं, पण त्यातला हिंदुस्थान ऐकीव आहे.

इराणातल्या काहींनी या कादंबरीत रझा शाहच्या काळाची घुसमट वाचली. लेखक जलाल आल-ए-अहमद त्यांतले एक. डाव्या गोटात ती निराशावादी ठरली. अभ्यासक इराज बशीरींनी तिच्यात बौद्ध धागे शोधले.

आणि एक अफवा: हे पुस्तक वाचून माणसं जीव देतात. हिदायतनं एप्रिल १९५१ मध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली, त्यातून ही बोलवा पसरली. कादंबरी त्याआधी पंधरा वर्षांची आहे. तिला मृत्यूपूर्वीची चिठ्ठी समजून वाचणं तिच्यावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही. तरीही मन आधीच खचलेलं असेल तर ती खुशाल बाजूला ठेवावी.

वाचायचीच असेल तर तीन-चार तास सलग काढावेत. रोज पाच पानं वाचली की परतणाऱ्या खुणा ओळखू येत नाहीत, आणि मग उरतो तो नुसता गोंधळ. पेन्सिल जवळ असू द्यावी: फूल, नख, हसू, रक्कम, दिसेल तिथं समासात टिंब. भिंतीवरच्या सावलीवरही लक्ष असू द्यावं, कारण निवेदक लिहितो तो तिच्यासाठीच, आणि तिचा आकार हळूहळू घुबडासारखा होत जातो.

दुसरा भाग संपला की सुरुवातीची पानं लगेच पुन्हा उघडावीत. दारात एक कुबडा म्हातारा पाहुणा येतो, निवेदक त्याला काका समजतो. पहिल्या वाचनात तो कुणीही नसतो. आता माहीत असतं की नागाच्या खोलीतून जो बाहेर आला त्याचे केस पांढरे झाले होते, आणि तो बाप की काका हे कुणालाच सांगता आलं नाही.

त्या पाहुण्यासाठी निवेदक फळीवरची दारूची बाटली काढायला चढतो आणि झरोका दिसतो. बाटली वडिलोपार्जित, त्याच्या जन्मावेळची. पुढे बिछान्यावर पडलेल्या मुलीच्या ओठांत तो त्यातलाच एक पेला ओततो, मायेनं. दुसऱ्या भागात, कथेच्या ओघात, एका वाक्यात येऊन गेलेलं असतं की आईनं मुलासाठी ठेवलेल्या दारूत नागाचं विष मिसळलं होतं.

(पडद्यावर: फळीवरची बाटली. आवाज बंद.)