कोरी गाडी आणि चोर्ल्याचा चढ

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं ऐकताय तिथनं सगळ्यांना नमस्कार. आज नव्या गाडीबद्दल बोलायचंय. शोरूममधनं कोरी आणलेली आणि तरी रस्त्यात मान टाकणारी गाडी. जुनी गाडी बंद पडली तर माणूस समजून घेतो ओ, पण सीटवरचं प्लॅस्टिक निघालं नाही, पहिला हप्ता गेला नाही आणि गाडी सर्व्हिस सेंटरात पडून, याचा जीवाला किती त्रास होतो ते ज्याचं त्यालाच माहीत.

आम्ही गाडी पाडव्याला घेतली. इथं एक बोलूनच टाकते, पाडव्याला नि दसऱ्याला डिलिव्हरी घेऊच नका. त्या दिवशी एकामागनं एक गाड्या बाहेर काढायच्या असतात, हार, नारळ, फोटो, आणि गाडी हातात द्यायच्या आधीची तपासणी नुसती कागदावर टिक मारून होते असं माझं मत आहे. मुहूर्त पाहिजे तर बुकिंगला धरा. असो. कुंदा वाटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आठव्या दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी वीसच्या वर जाईना. बंद करून परत चालू केली की ठीक.

चार वेळा नेऊन दिली. चारही वेळा "काही प्रॉब्लेम नाही मॅडम" म्हणून परत. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, हप्ता माझ्या पगारातनं, आणि तो सर्व्हिस ॲडव्हायझर बोलणार आमच्या ह्यांच्याशी. म्हणे मॅडम क्लचवर पाय ठेवून चालवत असतील. बावीस वर्षं चालवतेय मी गाडी.

आता तो दिवस सांगते. मे महिना, गोव्यात साखळीला मावशीकडं गेलो होतो, मी आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. परत येताना डिकीत मानकुराद आंब्यांची पेटी. केरी सोडलं, अंजुणे धरण मागं पडलं, चोर्ला घाट चढायला लागलो आणि वळीव आला, असा की वायपरला झेपेना. तिसऱ्या का चौथ्या वळणावर पिवळा दिवा. गाडीतली ताकद गेली. मागनं ट्रक हॉर्न मारतोय, पुढं चढ, बाजूला दरी. कशीबशी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मोबाईलला रेंज नाही. काच धुरकटली, ती पुसायला ब्लोअर लावायचा तर तो पण स्क्रीनवर, बटण नाही, हात थरथरत असताना त्या काचेवर बोट कुठं टेकवायचं सांगा. गाडीत बटणंच पाहिजेत, मी हे कुणालाही सांगीन. आत्या मागं बसून नुसतं "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या, आणि त्यांच्या आवाजावरनं कळत होतं की त्याही घाबरल्यात.

एक मासळीचा टेम्पो थांबला. मागनं बर्फाचं पाणी गळतंय, ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यानं आधी काही विचारलं नाही. दोन दगड आणले, मागच्या चाकांना लावले. मग म्हणाला, "ताई, आता हँडब्रेकवर भरवसा ठेवायची गरज नाही, आता बोला." मी सगळं सांगितलं, चार वेळा नेली ते पण. तो म्हणाला, "सपाटीला होतंय काय कधी?" मी आठवून बघितलं. नाही. कधीच नाही. पहिल्यांदा वंटमुरीच्या घाटात, मग जांबोटीच्या चढाला. मग तो म्हणाला, "मग इंजिन चांगलं आहे. चढाला मरायलीय, सपाटीला जगायलीय, म्हणजे काहीतरी हललं की तुटायलंय. वायर बघायला सांगा." दहा मिनिटं बंद ठेवायला लावली, परत चालू केली, आणि कणकुंबीपर्यंत चारी इंडिकेटर लावून आमच्या मागं राहिला. माल बर्फात, उशीर होतोय, तरी. पैसे घेईना. आत्यांनी बळंच चार आंबे दिले.

दुसऱ्या दिवशी शोरूमला गेले आणि म्हटलं, आधी जुनी चार जॉब कार्डं दाखवा. जॉब कार्ड म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना तक्रार लिहितात तो कागद. बघते तर चारही वेळा लिहिलंय "जनरल चेकअप". गाडी चढाला ताकद सोडते हे कुठंच नाही! म्हणजे कागदावर माझ्या गाडीला कधी काही झालंच नव्हतं. आणि गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा जो कोड साठवून ठेवतो, तो प्रत्येक वेळी स्कॅनर लावून पुसून टाकलेला, नोंद न करता. त्या कोडसोबत इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमला होतं हेही साठलेलं असतं, ते पण गेलं. शोरूमची ट्रायल कुठं, तर हायवेच्या सर्व्हिस रोडवर, टेबलासारख्या सपाट. मी बसूनच राहिले. शेवटी एक टेक्निशियन मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर आला, चोर्ला उतरलो, परत चढलो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दिवा लागला. चढाला जोर लागला की इंजिन आपल्या रबरी माउंटवर जरा झुकतं. वायरिंग धरून ठेवणारी एक क्लिप बसवलेलीच नव्हती, त्यामुळं वायर पत्र्याला घासून सोललेली. सेन्सरचा सिग्नल तुटला की कॉम्प्युटर स्वतःहून ताकद कापतो. एवढंच.

वेळ कमी राहिलाय, तर भराभर सांगते. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, वाचा, मग सही करा. परत सांगते, वाचा, मग सही. कोड पुसायच्या आधी प्रिंट मागा. जिथं बिघडते तिथंच ट्रायल, सपाटीला नाही, जिथं बिघडते तिथं. एवढं करून ऐकत नसतील तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठली का असेना. मुदत दोन वर्षं. पण तिथंही पहिल्यांदा जॉब कार्डच मागतील, म्हणून परत सांगते, वाचा, मग सही.

आणि एक. त्या गडबडीत त्या टेम्पोवाल्या दादांचं नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला. बाजारात मासळीचे टेम्पो दिसले की मी अजून बघते. दादा, गाडीत रेडिओ लावत असाल आणि हे ऐकत असाल तर, वायरच होती.