रीबूटनंतर ॲप उठेचना? कोड राहू द्या, आधी माउंट बघा

नमस्कार मंडळी, तर सीन असा की जावाचं ॲप कित्येक महिने नीट चाललंय, लिनक्स सर्व्हर रीबूट केला आणि आता सुरू होताहोताच आपटतंय. कोड तोच, व्हर्जन तेच, लॉगमध्ये मात्र 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' आणि पुढे 'फेल्ड टू मॅप सेगमेंट, ऑपरेशन नॉट परमिटेड'. हे 'परमिटेड' दिसलं की लोक धडाधड चमॉड ७७७ (फाइलवर सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) मारत सुटतात. नका हो मारू, रूटने, म्हणजे सर्वाधिकारी युजरने, चालवलं तरी हा एरर हटत नाही.

कारण अडवणूक फाइलची नाहीये, अख्ख्या माउंटची आहे, म्हणजे ती फाइल ज्या जोडलेल्या पार्टिशनवर आहे त्याची. होतं काय, काही जार फाइल्सच्या (जावा लायब्ररीच्या पॅकेजच्या) पोटात नेटिव्ह कोडची, म्हणजे थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या कोडची, एसओ फाइल असते, एसक्यूलाइट डेटाबेसचा ड्रायव्हर घ्या किंवा स्नॅपी ही कॉम्प्रेशन लायब्ररी, आणि सिस्टिमच्या लोडरला ती जारच्या आतून उचलता येत नाही म्हणून लायब्ररी ती आधी स्लॅश टेम्पमध्ये (स्पेलिंग टीएमपी, तात्पुरत्या फाइल्सचा फोल्डर) काढते आणि तिथून लोड करते. आता टेम्प नोएक्झेक, म्हणजे 'इथून काही चालवू नका' या पर्यायाने माउंट केलेला, असेल तर लिहिता येतं, वाचताही येतं, पण एक्झिक्युटेबल म्हणून मेमरीत मॅप करायला गेलात की कर्नल नाही म्हणतो.

मग रीबूटनंतरच का? कोणीतरी हार्डनिंग (सुरक्षा कडक करणं) म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला काय कसं माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, नोएक्झेक टाकून ठेवलेलं असतं, पण चालू माउंट तेवढ्याने बदलत नाही, रीमाउंट किंवा रीबूट झाल्यावरच बदलतं. तोवर टाकणारा विसरलेला असतो!

म्हणून एफएसटॅब वाचत बसू नका, आत्ता खरं काय लागू आहे ते 'फाइंडएमएनटी डॅश कॅपिटल टी स्लॅश टेम्प' सांगेल. आणि हो, टेम्पमध्ये शेल स्क्रिप्ट टाकून 'बॅश अमुकतमुक' असं चालवून टेस्ट करू नका, ती नोएक्झेकवरही चालते, कारण बॅश ती नुसती वाचतो.

खात्री करायला टेम्प एक्झेकने रीमाउंट करा, ॲप उठलं की चोर सापडला. पण तसंच सोडू नका, पुढच्या रीबूटला परत तेच, शिवाय नोएक्झेक काढणं हा माझ्या मते उपाय नाहीच. ॲपच्या युजरचा स्वतःचा फोल्डर करा, परमिशन ७०० (फक्त त्याच युजरला प्रवेश), नोएक्झेक नसलेल्या पार्टिशनवर (व्हार टेम्पसुद्धा बरेचदा नोएक्झेकच असतो, तपासा), आणि 'जावा डॉट आयओ डॉट टीएमपीडीआयआर' ही प्रॉपर्टी तिकडे वळवा. टीएमपीडीआयआर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करून भागणार नाही, लिनक्सवर जावा तो बघतच नाही, प्रॉपर्टी स्टार्टअप कमांडमध्ये द्या.