नॅनोमीटरभर पापुद्रा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय ‘वीज गेली तरी न विसरणारी मेमरी’ असा छापलाय. तिथे आपण जाणारच आहोत, पण वाट माझ्या आईच्या स्वयंपाकघरातून जाते. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी जर्मनची भांडी होती? बघा, पन्नाशीपुढचे सगळे हात वर. पुढे बसलेल्या मुलांना सांगतो, जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.

आई राखेने पातेलं घासायची आणि ते लख्ख व्हायचं. पण हवा लागायचा अवकाश, त्यावर ऑक्साइडचा नवा पापुद्रा धरायचा. जाडी काही नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा पापुद्रा विजेला अडवतो आणि खालच्या धातूला पुढे गंजू देत नाही. माझं निम्मं आयुष्य त्याच्या नादात गेलं.

पत्रिकेतल्या त्या मेमरीचा गाभा म्हणजे मॅग्नेटिक टनेल जंक्शन: दोन चुंबकी थर आणि त्यांच्या मधे वीज अडवणारा एक थर, नॅनोमीटर-दीड नॅनोमीटरचा. इतका पातळ की इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे निसटतात. त्यालाच टनेलिंग म्हणतात. दोन्ही चुंबकांची तोंडं एका दिशेला असली की विजेला होणारा रोध कमी, विरुद्ध असली की जास्त. कमी म्हणजे शून्य, जास्त म्हणजे एक, झाली मेमरी. पण कुठलाही लेख उघडा, कौतुक चालतं ते चुंबकांचं, आणि मधल्या थराची बोळवण एका ओळीत. याची मला मनापासून चीड येते, आणि आज ती तुमच्यासमोर मांडायला मी आलोय.

1975 साली फ्रान्समधल्या रेन शहरात मिशेल ज्युलिएर यांनी लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मधे जर्मेनियमचा ऑक्सिडाइज केलेला थर ठेवला. रोधात फरक मिळाला 14 टक्के, पण 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंशांना. आपल्या खोलीच्या तापमानाला दखल घेण्याजोगा फरक दिसायला पुढे वीस वर्षं गेली. 1995 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जगदीश मूदेरा यांच्या गटाला तो 11.8 टक्के मिळाला. मूदेरा आयआयटी मद्रासचे पीएचडी, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. त्याच वर्षी जपानात सेंदाईला तेरुनोबु मियाझाकींना 18 टक्के मिळाला. आणि दोघांच्या जंक्शनमध्ये मधे काय होतं? अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड. पातेल्यावरचा पापुद्रा!

तो मापून धरवायचा हीच सगळी करामत. नॅनोमीटरभर अ‍ॅल्युमिनियम बसवायचं आणि मग त्याला ऑक्सिजन द्यायचा. कमी पडला तर तळाशी धातू उरतो, जास्त झाला तर खालचं लोखंड गंजायला लागतं.

माझ्या पीएचडीच्या काळातली गोष्ट सांगतो. सहा आठवडे खपून एका काचपट्टीवर मी बत्तीस जंक्शनं केली होती. डिसेंबरचा महिना. पहिल्या जंक्शनवर प्रोब, म्हणजे मोजायची सुई, टेकवला, रोध दोन हजार ओहम. खुर्चीवरून उठलो, वहीत आकडा लिहिला, येऊन पुन्हा टेकवला तर वीस ओहम. जंक्शन मेलेलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. अकरा गेली. आम्ही ऑक्सिजनवर संशय घेतला, पंपाच्या तेलावर घेतला. टार्गेट, म्हणजे थर बसवायला लागणारा धातू, पुरवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, तर महिन्याने त्यांच्याकडून उत्तराऐवजी नवा दरपत्रक-संच आला. शेवटी वर्कशॉपमधले एक मामा काहीतरी परत न्यायला आले होते, ते दारात थबकले. म्हणाले, “अहो, उठताना तुमचा स्वेटर चटचटतो की!” कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर आणि प्लास्टिकची खुर्ची. अशा वेळी अंगावर हजारो व्होल्ट साठतात. आपल्याला जेमतेम चुणूक लागते, पण त्या पापुद्र्याला एक-दोन व्होल्टही पुष्कळ. मामांनी तांब्याची तार आणून एक टोक अर्थिंगला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधलं. उरलेली एकवीस जंक्शनं त्या तारेने वाचवली. प्रबंधातले सगळे आलेख त्यांचेच आहेत, आणि ऋणनिर्देशात पहिलं नाव मामांचं आहे.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मग मुख्य मुद्दा भरभर मांडतो.

2001 साली दोन गटांनी गणित करून दाखवलं, की मधे मॅग्नेशियम ऑक्साइडचा नीट रचलेला स्फटिक असला तर फरक कित्येक पटींनी वाढेल. पोलादाच्या भट्टीला अस्तर लावतात त्या विटांमधला हा पदार्थ. लोखंडाच्या अणूंशी याच्या अणूंची जाळी जवळजवळ जुळते, आणि एकाच स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना तो सहज वाट देतो. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व. 2004 मध्ये आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन आणि जपानचे शिंजी युआसा, दोघांनीही दोनशे टक्क्यांच्या आसपास फरक मोजला. 2008 मध्ये तोहोकू विद्यापीठात 604 टक्के. आता हे बघा: लोखंड तेच, कोबाल्ट तेच. बोरॉन मिसळलं तेही मधला थर नीट वाढावा म्हणून. चौदाचे सहाशे झाले ते पापुद्रा बदलल्यामुळे.

मेमरीचं म्हणाल तर चुंबकात आठवण साठवणं जुनंच. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या टिफ्रॅक संगणकातही आठवण साठवायला फेराइट या चुंबकी पदार्थाचे मणी होते. 1996 साली स्लोन्चेव्स्की आणि बर्जर या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं, की स्पिन जुळवलेला प्रवाह स्वतःच चुंबक उलटवू शकतो. त्यावर आजची एमरॅम, म्हणजे या जंक्शनांची चुंबकी मेमरी, उभी आहे. पहिली एमरॅम बाजारात आली 2006 मध्ये, 4 मेगाबिटची. ती मात्र अजून तारेच्या चुंबकी क्षेत्राने उलटवायची. वीज गेली तरी लिहिलेलं राहतं, कारण चुंबकाचं तोंड वळलेलं ते वळलेलंच. आणि ते वाचता येतं, कारण मधे पापुद्रा आहे. हार्ड डिस्कमधलं वाचणारं टोकही 2005च्या सुमारापासून असंच जंक्शन आहे.

अध्यक्ष उभे राहिलेत, थांबतो. मागच्या टेबलावर मी ती काचपट्टी आणि एक भिंग ठेवलंय. एकवीसपैकी नऊ जंक्शनं अजून चालू आहेत. मुलांनो, जरूर बघा. शेजारी तांब्याची तार आहे, आधी तिला हात लावा.