गव्हाच्या मोडातलं चिवट विकर

(दृश्य: पहाटेचं निफाड, दवानं भिजलेल्या लोंब्या)

थंडीत निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी ठरलेली. माणसं कुडकुडतात, गहू मात्र खूश. इथल्या संशोधन केंद्रातल्या वाणांची नावंही घरचीच: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी.

(दृश्य: नाशिकमधली एक प्रयोगशाळा, ताटात मोड आलेला गहू)

या मोडांत एक विकर (एन्झाइम) आहे, ऑक्झलेट ऑक्सिडेज. कच्च्या अळूनं घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. बहुतेक मुतखडेही ऑक्झलेटचेच. हे विकर विरघळलेलं ऑक्झलेट फोडतं. उरतो कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. काही बुरश्या ऑक्झलेटचंच आम्ल, म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल, सोडून झाडाच्या पेशी मारतात. म्हणून तर अमेरिकेत चेस्टनटच्या झाडात गव्हाचं हे जनुक घालून पाहिलंय.

मोड थंडगार खलात वाटले, मलमलीतून गाळले, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. वर राहिलं पिवळसर पाणी. त्यात हजारो प्रथिनं, आणि आपल्याला हवं एकच.

(दृश्य: जवळून, वॉटर बाथमधली परीक्षानळी)

तापमान ६० अंश सेल्सिअस, वेळ १० मिनिटं. आधी नळी धुरकट होते, मग दूध नासावं तशा गुठळ्या धरतात. उष्णतेनं बाकीची बरीच प्रथिनं साकळली. आपलं विकर तसंच पाण्यात! गंमत म्हणजे कधी कधी तापवल्यावर त्याचं काम वाढल्यासारखं दिसतं. वाढत काही नाही. विकराचं काम मोजतात ते तयार झालेल्या पेरॉक्साइडवरून, आणि ते मधल्या मधे फस्त करणारं कॅटलेज हे दुसरं विकर तेवढं मेलेलं असतं.

पुढे उरलेल्या प्रथिनांतून आपलं विकर वेगळं काढायचं: अमोनियम सल्फेटनं साका पाडायचा, डायलिसिसनं मीठ काढायचं, मग कॉलममधून गाळायचं. सांगायला तीन पायऱ्या, करायला तीन दिवस, तेही कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून. कॉलमखालच्या प्रत्येक नळीत ऑक्झलेट, पेरॉक्साइड वापरून रंग आणणारं पेरॉक्सिडेज आणि रंगद्रव्य घालायचं. जी गुलाबी झाली, ती आपली. दर टप्प्याला थोडं विकर वाया जातंच; पण एका मिलिग्रॅम प्रथिनामागे काम किती, हा आकडा चढला पाहिजे.

मग त्याचा स्वभाव तपासायचा. पीएच ४ च्या आसपास, म्हणजे द्राक्षाच्या रसाइतक्या आंबटात, ते जोमात चालतं. पोटात मँगनीज, आणि सहा तुकड्यांची घट्ट मोट.

(दृश्य: जेल, शेजारी शेजारी दोन रांगा)

जेल म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा जेलीचा थर; मोठी वर राहतात, छोटी खाली धावतात. एसडीएस हा साबणासारखा पदार्थ भल्याभल्या प्रथिनांची घडी मोडतो. डावीकडचा नमुना त्यात नुसता मिसळलेला, उजवीकडचा मिसळून उकळलेला. आता जेल ऑक्झलेट आणि रंगाच्या द्रावणात बुडवली. उजवीकडे काही नाही. डावीकडे, बरीच वर, एक जांभळट रेघ उमटतेय.