इन्वर्डची तारीख

(दृश्य: नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत, सकाळी पावणेसात. त्र्यंबक रोडवर पपया नर्सरीपाशी कंपन्यांच्या बस.)

पहिली पाळी सातला सुरू होते. त्याआधीच कंपनीच्या गेटबाहेर तीन छोटे हत्ती येऊन थांबलेत. एकात रंगाचे डबे आहेत, दुसऱ्यात पुठ्ठ्याचे खोके. तिसऱ्यात नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातून आलेल्या २०० पिना आहेत, तेलकट गोणपाटावर ओळीनं मांडलेल्या.

यंत्रांचे सुटे भाग बनवणारी ही कंपनी. इथली खरेदी गेल्या वर्षापर्यंत चिठ्ठीवर चालायची. मेंटेनन्सवाला चिठ्ठी लिहायचा आणि ती सहीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. परचेसमधून माल पुरवणाऱ्या दोन-तीन पार्ट्यांना फोन जायचे. कुणी कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकायचा, कुणी तोंडीच रेट सांगायचा. कित्येकदा माल आधी यायचा आणि पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, मागाहून निघायचा.

मग खरेदी कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं. सॉफ्टवेअर निवडलं, बसवलं. त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. खरं काम सुरू झालं ते स्टोअरमध्ये.

(दृश्य: स्टोअरचा काउंटर. तळहातावर एक बेअरिंग.)

हे बेअरिंग बघा. नंबर ६२०५. आतला व्यास, म्हणजे बोअर, २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. जुन्या रजिस्टरमध्ये त्याला तीन नावं होती: एका पानावर ‘६२०५’, दुसऱ्यावर ‘बॉल बेअरिंग २५ बोअर’, तिसऱ्यावर ‘कूलंट पंपाचं बेअरिंग’. एकच वस्तू तीन कप्प्यांत पडून असायची, आणि पंप बंद पडला की ‘अर्जंट’ म्हणून चौथ्यांदा मागवली जायची.

कॉम्प्युटरला एका वस्तूचा एकच कोड लागतो. तो कोणता, हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. २५ बोअरचं ६३०५ही असतं. त्याचा बाहेरचा व्यास ६२. मग स्टोअरकीपर काका आणि परचेसमधली तरुण इंजिनीअर, दोघं व्हर्नियर घेऊन एकेक कप्पा उपसायला बसले.

“काका, ही दोन्ही ६२०५च ना? एकाच कोडमध्ये टाकू?”

“नको मॅडम. ह्याला पत्र्याची झाकणं आहेत, त्याला रबराचं सील. कूलंट उडतं तिथं पत्र्याचं टिकत नाही. वेगळं ठेवा.”

अशी माहिती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. काकांच्या डोक्यात होती, आणि काका लवकरच निवृत्त होणार आहेत. मला विचाराल तर या सगळ्या बदलातली सगळ्यात मोलाची कमाई हीच: त्यांच्या डोक्यातलं आता प्रत्येक कोडच्या पुढे लिहिलेलं आहे.

डिजिटल खरेदी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर ऑनलाइन बोली येते. सगळ्या पार्ट्या एकाच वेळी स्क्रीनवर बसवायच्या आणि रेट खाली आणायचा. पुठ्ठ्याच्या खोक्यांना ते चालून जातं. पण दोन लेथच्या गाळ्याला त्या बोलीत उतरवलं, तर तो मालक वाचवणार कुठून? झिजलेलं टूल आणखी एक दिवस चालवेल. मग पिनेचं माप हलेल आणि लाइन इथं थांबेल. या कंपनीनं जॉबवर्कला, म्हणजे अशा गाळ्यांतून करून घेतलेल्या कामाला, बोली लावली नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

(दृश्य: अंबड, एक्सलो पॉइंटच्या पुढच्या गल्ल्या. अर्धं उघडलेलं शटर.)

या गल्ल्यांत मी लहानपणी पुष्कळ फिरलोय. माझे वडील इथंच भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर जॉबवर्क करायचे. शनिवारी दुपारी मला स्कूटरवर पुढे उभं करून एका कंपनीत पेमेंट विचारायला जायचे. अकाउंट्सवाले म्हणायचे, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालं नाही. स्टोअरवाले म्हणायचे, माल क्यूसीकडे (तपासणीला) आहे. क्यूसीवाले जागेवर नसायचे. वडिलांच्या हातात डिलिव्हरी चलनाची गुलाबी प्रत असायची. तिच्यावर शिक्का असायचा, पण त्यातली तारीख वाचता यायची नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट वेळेत व्हावं म्हणून २००६चा कायदा आहे. लेखी करार असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली: या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट कंपनीला मिळत नाही. पण हे दिवस मोजायचे कुठून? माल स्वीकारल्याच्या तारखेपासून. आणि आमच्याकडे तीच पुसट होती.

(दृश्य: पुन्हा सातपूर. इन्वर्डची, म्हणजे माल आत घेण्याची, खिडकी.)

ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. त्यांच्या बिलावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मुख्य तपशील आपोआप भरला जातो. अंबडच्या गाळ्याचं बिल साधंच असतं. ते इथं हातानं टाइप करावं लागतं. पण पुढची वाट दोघांना सारखीच. पीओ, जीआरएन आणि बिल, या तिन्हींतला नग आणि रेट जुळला की बिल थेट अकाउंट्समध्ये जातं. जुळला नाही, तर का जुळला नाही ते पार्टीच्या मोबाइलवर दिसतं.

सुरुवातीला हे मोबाइलवर बघणंही सोपं नव्हतं. स्क्रीन इंग्रजीत, पासवर्ड सारखा विसरायचा. परचेसच्या त्या इंजिनीअरनं दोन दुपारी अंबडला बसून एकेकाला हातात मोबाइल देऊन शिकवलं. गाळ्याच्या मालकांची मुलगी अकरावीत आहे. आता ती कॉलेजमधून आली की वडिलांचा पीओ आधी वाचते.

संध्याकाळचे साडेपाच. सकाळच्या पिनांची तपासणी झाली आहे. आले २००, स्वीकारले १८८, परत १२. कारण: व्यास जास्त. तारीख आजची.

मालक बारा पिना घ्यायला स्वतः आलेत. खिशातून मायक्रोमीटर काढतात, गेटवरच्या ट्यूबलाइटखाली एक पीन मोजतात, मग दुसरी.

“बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणतात. “घासून मापात घेतो. उद्या सकाळच्या गाडीला टाकतो.”